गुडघ्याचा टेकू

मला स्वस्थ बसता येत नाही, ही आमच्या घरातली जुनी तक्रार. जेवताना माझी मांडी हलते, एसटीत पाय हलतो, आई टीव्ही बघत असली की मी मधूनच उठून दार उघडून येते. कोणी आलंय म्हणून नाही, उगाच. आई म्हणते, हिच्या पायाला भिंगरी आहे, सासरी गेली तर सासरचे लोक हिला बघूनच दमतील. अशा मुलीचा गुडघा गेल्या शिमग्यात गावच्या सामन्यात मुरगळला आणि डॉक्टरांनी तिला सांगितलं की आता विश्रांती. पावसाळाभर मी ओटीवर बसून होते. घरातल्या माणसांनी तो काळ कसा काढला ते त्यांनाच विचारा.

मी कबड्डीत डावा कोपरा खेळते. कोपऱ्यातल्या मुलीचं काम म्हणजे अर्धी बैठक घालून दबा धरायचा आणि चढाई करणारी जवळ आली की तिचा घोटा पकडायचा. सगळा खेळ गुडघ्यावर. माझा उजवा गुडघा अशा बैठकीत आतल्या बाजूला पडायचा. आधी कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, माझ्याही नाही. त्या सामन्यात तो तसाच आत पडला, वरून चढाईवाली पडली आणि गुडघा भोपळ्याएवढा सुजला. नशीब, आतलं काही तुटलं नव्हतं. पण पुन्हा तसाच पडला तर तुटेल, असं डॉक्टर म्हणाले.

दिवाळी झाली आणि जिल्ह्याच्या संघाची निवड चाचणी रोह्याला ठरली. पेणमधल्या आमच्या क्लबचे पुंडलिक सर कमी बोलतात, पण बोलले की संपलं. त्यांनी मला सांगितलं की रोह्याच्या ईरा मॅडम हो म्हणाल्या तर तू मॅटवर, नाही म्हणाल्या तर कोपऱ्यात दिपिका. दिपिका चांगली खेळते, स्वभावानेही चांगली आहे, आणि त्याचाच मला जास्त राग यायचा.

ईरा मॅडम फिजिओ. घरात सगळे मास्तर, त्यामुळे समजावून सांगायची हौस रक्तातच. त्यांनी मला आरशासमोर उभं केलं आणि बैठका घालायला लावल्या. त्या स्क्वॉट म्हणतात, मी बैठका म्हणते, गुडघ्याला दोन्ही सारखंच दुखतं. मी आरशात पहिल्यांदाच नीट बघितलं. खाली जाताना उजवा गुडघा थोडा वेळ पायाच्या बोटांच्या दिशेने सरळ जायचा आणि अर्ध्या वाटेत मन बदलून डाव्या गुडघ्याला भेटायला निघायचा.

मॅडम म्हणाल्या, गुडघ्याचा यात काही गुन्हा नाही. कमरेच्या बाजूला एक स्नायू असतो, गुडघ्याला बाहेर धरून ठेवणं हे त्याचं काम, आणि तुझा तो स्नायू कामचुकार आहे. मग त्यांनी एक जाड रबरी पट्टा काढला. त्याचं एक टोक माझ्या डाव्या हाताच्या खांबाला बांधलं, दुसरा फास माझ्या उजव्या गुडघ्याभोवती टाकला. पट्टा गुडघ्याला आत, डावीकडे ओढू लागला. आता बैठक घाल, पण गुडघा बाहेर धरून, म्हणाल्या.

मी विचारलं, मुळात आत पडतोय त्याला आणखी आत ओढायचं?

"हो. कोणी ओढल्याशिवाय त्या स्नायूला कळतच नाही की आपण पडतोय," मॅडम म्हणाल्या. "त्याला भांडायला कोणीतरी लागतं."

भांडणाचं म्हटल्यावर मला पटायला हवं होतं. पण घरी आल्यावर वेगळंच झालं.

आमच्या घरामागे बाबांचा गणपतीचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे पत्र्याची लांबट शेड, मधे दोन खांब, आणि फळ्यांवर ओळीने ओल्या शाडूच्या मूर्ती. मी सकाळी तिथेच डावीकडच्या खांबाला मॅडमनी दिलेला पट्टा बांधला आणि बैठक घातली. गुडघा असा फटकन आत गेला की माझा तोल गेला आणि मी फळीला धरलं. फळीवरचे गणपती हलले. बाबा हातातलं काम टाकून धावत आले. आधी गणपतींकडे बघितलं, मग माझ्याकडे.

आमचे बाबा, दत्तात्रेय, माणूस शांत. अख्ख्या गावात त्यांचा आवाज कोणी ऐकलेला नाही, असं आई सांगते, आणि ते तिला आवडत नाही हेही सांगते. त्यांचा सगळा जीव हातात. ओल्या मूर्तीचा हात झुकला तर ते त्याला काठीचा टेकू देतात. मांडी घातलेल्या मूर्तीचा गुडघा आत कलायला लागला तर सुतळीने बाहेरच्या बाजूला ताणून ठेवतात. माती सुकली की सुतळी सोडायची, गुडघा जिथल्या तिथे. त्यांच्या मूर्तीचा गुडघा कधी वाकडा निघाला नाही.

त्यांनी माझा पट्टा कुठून कुठे जातोय ते निरखून बघितलं, आणि त्यांचा चेहरा असा झाला की जणू कोणी देवाच्या सोंडेला गाठ मारली.

"आत पडतंय त्याला आतच ओढायचं? पडत्या भिंतीला पाठनं धक्का देतात काय गो?"

मी म्हटलं, मॅडमनी असंच सांगितलंय. बाबा म्हणाले, मॅडम शिकलेल्या असतील, पण त्यांनी कधी माती हातात घेतली नसेल. तुझ्या ऐकण्यात काहीतरी चुकलं असेल. आणि खरं सांगते, मलाही तसंच वाटायला लागलं. त्या पहिल्या बैठकीची मला लाज वाटली होती. मी काय वाटेल ते सोसेन, पण आपल्याला जमत नाही असं कोणी बघितलेलं मला सोसत नाही.

दुपारपर्यंत बाबांनी मोटरसायकलच्या जुन्या ट्यूबचा पट्टा कापला. गुडघ्याला लागू नये म्हणून आईच्या जुन्या साडीची चिंधी आत शिवली. उजवीकडच्या खांबाला बरोबर माझ्या गुडघ्याच्या उंचीवर आकडा ठोकला. आता ट्यूब माझ्या गुडघ्याला बाहेर ओढत होती. मी बैठक घातली आणि गुडघा सरळ, एखाद्या तक्त्यातल्या चित्रासारखा. बाबा मागे सरकून, मूर्तीकडे बघतात तसे एक डोळा बारीक करून बघत राहिले. म्हणाले, थोडे आठवडे असंच बांधू, सवय लागली की सोडू.

मी रोज सकाळी तिथे बैठका घालू लागले. इतकं छान जमत होतं की मला गाणी सुचत होती. बाबा काम करता करता मान वर करून बघायचे, मधेच उठून ट्यूब थोडी घट्ट करायचे, चिंधी सरळ करायचे. आम्ही दोघं इतका वेळ एकत्र कधी घालवला नव्हता. मॅडमनी व्हिडिओ मागितला होता. मी पाठवते म्हटलं आणि पाठवला नाही. एकदम जाऊन दाखवू, तोंडात बोट घालतील, असा माझा बेत.

रोह्याला जाताना एसटी वडखळपासून जी रखडली ती रखडलीच. महामार्गाचं काम चालू आहे, म्हणजे ते काम आहे आणि ते चालू आहे. माझ्या शेजारच्या म्हाताऱ्याने शेवटी माझ्या हलणाऱ्या मांडीवर आपली भाजीची पिशवी ठेवली आणि म्हणाला, जरा धर, पोरी. नागोठणं येईपर्यंत मी ती पिशवी धरून होते.

मॅडमनी आरशासमोर उभं केलं. मी म्हटलं, आता बघा. आणि खाली गेले. गुडघा आत गेला. पहिल्यापेक्षा लवकर, पहिल्यापेक्षा जास्त. मी पुन्हा घातली, पुन्हा तेच. मी आरशाकडे रागाने बघत होते, जणू तोच खोटं बोलतोय.

मॅडमनी विचारलं, घरी पट्टा कुठे बांधतेस, हाताने दाखव. मी दाखवलं. त्या म्हणाल्या की इतके आठवडे गुडघा धरला तो रबराने. तुझ्या स्नायूला बसून खायची सवय लागली. बांधून ठेवल्याने माती जागेवर राहत असेल, मांस राहत नाही. ज्याने आपण होऊन ढकललं नाही, तो सोडल्यावर पडणारच.

मी विचारलं, चाचणीपर्यंत होईल का. त्या म्हणाल्या, रोज केलंस तर होईल कदाचित. आणि खांबापेक्षा माणसाच्या हातात पट्टा दिलास तर बरं. माणूस कमी-जास्त ओढतो, खांब तसाच उभा. आणि हेही सांगते, नीट झाला नाही तर मी हो म्हणणार नाही. आत्ता कबड्डी गेली तर परत येईल, गुडघा गेला तर येणार नाही.

परतीच्या वाटेवर मी सगळा राग गोळा करत आले. घरी येऊन चप्पलही न काढता कारखान्यात गेले. बाबा मांडीवर मूर्ती घेऊन तिचा कान बसवत होते. मी त्यांचा आकडा धरला आणि हिसडे देऊन देऊन खांबातून उपटला. लाकडाची ढलपी निघाली. मग ट्यूब त्यांच्या पुढ्यात टाकली.

"माझा पाय म्हंजे तुझी माती नाय," मी म्हणाले. "तुझ्यामुलं माझी चाचणी जाते."

बाबांनी वर बघितलं नाही. त्यांनी कान पूर्ण बसवला, अंगठ्याने शिवण मिटवली, मूर्ती फळीवर ठेवली आणि पाण्याच्या बादलीत हात बुडवले. हात कधीच स्वच्छ झाले होते तरी ते धुतच राहिले. मला वाईट वाटलं आणि वाईट वाटल्याचा आणखी राग आला.

आईने रात्रीच्या जेवणात मला झापलं. तो माणूस तुझ्यासाठी चिंध्या शिवत बसला, त्याला असं बोलतेस. मी म्हटलं, चिंध्यांनी गुडघा सरळ होत नाही. आई म्हणाली, बापलेक एकाच मातीचे, एक फुटत नाही आणि एक भिजत नाही.

दुसऱ्या दिवशी मी ट्यूब आईच्या हातात दिली. आईचं माहेर मिठागरातलं, लहानपणापासून मीठ ओढलेले हात. तिने असा हिसका दिला की मी बैठकीतून थेट तिच्या पायाशी. मग तिला हसू आवरेना, तिच्या हातून ट्यूब सुटली ती माझ्या पोटरीवर बसली. माझा भाऊ निकेश डोलवीला कंपनीत ठेकेदाराकडे कामाला. त्याला विनवलं, तर शिफ्टवरून आलेला तो ट्यूब हातात धरूनच उभ्या-उभ्या पेंगायला लागला. चाचणी जवळ येत होती. मला रात्री झोप लागेना आणि दिवसा एका जागी बसवेना. मी एकटीच डावीकडच्या खांबाला ट्यूब बांधून बैठका घालायची, गुडघा आत जायचा, मी खांबाला शिव्या घालायची.

अशाच एका सकाळी मी खांबाशी भांडत असताना बाबा आले. त्यांनी खांबाची गाठ सोडली, टोक हाताला गुंडाळलं आणि माझ्या डाव्या बाजूला उकिडवे बसले. मी बैठक घातली. त्यांनी ओढलं, पण असं ओढलं की जणू ओल्या मूर्तीच्या पाठीवर पिसासारखा हात फिरवताहेत. मी म्हटलं, ओढ. त्यांनी इतकंसंच ओढलं. मी पुन्हा म्हटलं, ओढ ना बाबा.

"पोरीचा पाय वाकडा कसा ओढू?" ते म्हणाले. "हातच जात नाय."

"मग जा, तुझ्या गणपतींना टेकू दे," मी म्हणाले. "मला दिपिका ओढंल. तिला माझा गुडघा वाकडाच हवाय."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत त्यांच्या डोळ्यांत मी राग बघितला नव्हता, तो त्या दिवशी बघितला. आणि त्यांनी ओढलं. खरोखर ओढलं. माझा गुडघा आत गेला आणि कमरेच्या बाजूला काहीतरी पेटलं, जे आजवर कधी तिथे नव्हतंच. मी दात खाऊन बाहेर ढकललं. ते ओढत राहिले, मी ढकलत राहिले. पाय लटलटत होता, पण गुडघा पायाच्या बोटांवर उभा राहिला. मी वर आले तेव्हा दोघांनाही धाप लागली होती. बाबा म्हणाले, परत.

त्यानंतर रोज सकाळी आमचं हेच. आई म्हणायची, शेजारी विचारतात तुमच्याकडे सकाळी भांडण कसलं असतं. बाबांच्या हाताला लवकरच समजलं की कधी जोर लावायचा, कधी सैल सोडून बघायचं. त्यांनी जोर वाढवला की मला चीड यायची आणि चीड आली की गुडघा नीट राहायचा. पुढे पुढे मी नुसती कारखान्यातून जात असले तरी ते वाटेत हात घालून माझा गुडघा आत दाबायचे, आणि मी चालता चालता तो बाहेर ढकलायची. पण ट्यूब काढून घातलेल्या बैठकांचा भरवसा नव्हता. पहिल्या चांगल्या जायच्या. दमल्यावर गुडघ्याला जुनं घर आठवायचं.

चाचणीच्या दिवशी सकाळी मॅडमकडे जायचं आणि त्या हो म्हणाल्या तर दुपारी मैदानावर. बाबा म्हणाले, मी येतो. धुतलेला शर्ट घातला, केसाला पाणी लावलं, नखांत शाडू तशीच. गाडीत ते खिडकीबाहेर बघत होते आणि माझा पाय हलत होता. वाकणला त्यांनी विचारलं, त्या मॅडम रागवतील काय मला. मी म्हटलं, रागावल्या तर रागवू दे. मग वाटलं, एवढं तोडून बोलायला नको होतं, पण तोवर गाडी पुढे गेली होती.

पुंडलिक सर आधीच येऊन बसले होते. मॅडम म्हणाल्या, पट्टा नाही, काही नाही, मी थांब म्हणेपर्यंत बैठका. मी सुरू केलं. पहिल्या चांगल्या गेल्या. मग मांडी जड झाली. मॅडम थांब म्हणेनात. आरशात मला माझा गुडघा दिसत होता, आणि खाली जाताना तो थरथरायला लागला, मग थोडासा आत कलला. मॅडमनी ते बघितलं. सरांनीही बघितलं, आणि जमिनीकडे मान घातली. मला कळलं की आता संपलं. मी तशीच खाली अडकून राहिले, ना वर येता येई ना गुडघा बाहेर जाई.

बाबा कधी खुर्चीतून उठले ते मला कळलं नाही. ते माझ्यापाशी उकिडवे बसले आणि त्यांचा हात माझ्या गुडघ्याच्या आतल्या बाजूला गेला, टेकू द्यायला. जन्मभराची सवय. हात टेकणार, इतक्यात तो थांबला. मी आरशात बघत होते. त्यांनी हात काढला, गुडघ्यावरून पलीकडे नेला आणि बाहेरच्या बाजूने दाबला. आत. पडतोय तिकडेच.

माझा गुडघा चिडून बाहेर आला.

मी वर आले, पुन्हा खाली गेले, बाबांचा हात तिथेच, मी त्याला ढकलत होते. मग मॅडम म्हणाल्या, काका, हात काढा. बाबांनी हात काढला. मी खाली गेले. हात नव्हता, पण मी ढकलत होते. गुडघा हलला नाही. पुन्हा गेले, पुन्हा तसाच. मग त्यांनी मला पायरीवरून उड्या मारायला लावल्या, मी प्रत्येक उडीत त्या नसलेल्या हाताशी भांडले. अखेर त्या सरांना म्हणाल्या, खेळू द्या.

निघताना बाबा दारात थांबले. मॅडमना म्हणाले, तुमचं खरं होतं, पण माझ्या डोळ्याला ते अजून उलटंच वाटतं. मॅडम म्हणाल्या, वाटू दे काका, हाताला कळलं ना.

दुपारचं, मैदानावरचं मला फार काही आठवत नाही. एक उंच चढाईवाली माझ्या कोपऱ्यात आली, मी दबा धरला, उजवा पाय टाकला, गुडघा जुन्या वाटेने निघाला आणि अर्ध्यातून परत आला. तिचा घोटा माझ्या हातात होता. संध्याकाळी संघ वाचून दाखवला. दिपिकाचं नाव आधी आलं, माझं सगळ्यात शेवटी. दिपिकाने मला मिठी मारली आणि मला तिचा तेव्हाही थोडा राग आला.

संघाचं सरावाचं शिबिर दूर होतं. निघायच्या दिवशी बाबा पेणच्या स्टँडवर सोडायला आले. मी खिडकीशी बसले. त्यांनी खालून एक पिशवी वर दिली. आत ट्यूब होती, चिंधी नवी शिवलेली.

"तिकडं नीट ओढणारी कोनतरी बघ," ते म्हणाले. "लाड करनारी नको."

मी म्हटलं, तुझ्यासारखी कोण मिळणार. ते हसले नाहीत. गाडी सुरू झाली तसं त्यांनी खिडकीच्या गजांतून हात घालून माझं मनगट धरलं आणि बाहेर ओढलं, चांगलं जोर लावून. मी पाय समोरच्या सीटला रोवले आणि उलट ओढलं. कंडक्टर ओरडला, हात आत घ्या. बाबा गाडीबरोबर चालत राहिले, आणि ती स्टँडच्या फाटकातून वळेपर्यंत आम्ही दोघं तसेच ओढत होतो.